लीनमावशीचं वाडगं

त्या वाडग्याले हात नका लावू गड्याहो, थे व्हिएतनामचं आहे! मी तिथं इंग्रजी शिकवतो नं, तं शेजारच्या लीनमावशीनं त्यात सूप देलं होतं. आता दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं वापस करावं? म्या पोहे भरून देले. दुसऱ्या दिवशी वाडगं फणसाचे गरे घेऊन हजर! सहा महिने असंच चाललं. शेवटी म्या इचारलं, "मावशी, तुमी थांबत काहून नाही?"

"रिकामं कसं देऊ? मी तं तुमी थांबाची वाट पाहून राहिली!"

तिथं करमे नाही, म्हणून औंदा नोकरी सोडाचं ठरवूनच अकोल्याले आलो. घाईत वाडगंही बॅगेत आलं. मायनं सारं ऐकलं अन् त्यात काठोकाठ कुरडया भरल्या.

"नोकरी मंग सोडजो. पहिले हे तिले देऊन ये."