सुभद्रेच्या ड्रमात युरिया

आकांक्षा : म्हणजे टाकलेला युरिया परत वाटीत आला, असं म्हणायचंय तुम्हाला?

दौलत : तुझ्या आईने वेचून ठेवला. तांदूळ निवडायची ना, तसा.

आकांक्षा : बाबा, आई गणपतीआधीच गेली.

दौलत : ठाऊक आहे गो. अग्नी मीच दिला.

आकांक्षा : तुम्ही टाकायलाच विसरला असाल. परवा गॅस चालू ठेवलात. म्हणून सांगते, लालबाग पुरे आता, वरळीला चला माझ्याकडे. बॅग भरलीय.

दौलत : गॅस विसरलो, मान्य. हे नाही. गच्चीवर दोन ड्रम माझे, दोन सुभद्रेचे. माझ्या फ्लॉवरला युरिया, तिच्या फ्लॉवरला शेणखत नि भाजीचा कुजवलेला कचरा. "पावडरचा फ्लॉवर तुम्हीच खा," म्हणायची. सगळ्या चाळीला ऐकू जायचं.

आकांक्षा : मग तिच्या ड्रमात टाकलात कशाला?

दौलत : पानं पिवळी पडली. तिचं खत संपलं, मला बनवता येत नाही. गड्डा धरायच्या आत मरू देऊ?

आकांक्षा : चला वर. आज मी टाकते. मूठभर?

दौलत : अगो, मुळं जळतील! चमचाभर.

आकांक्षा : हा चमचाभर. वर तांब्याभर पाणी. विरघळला? नीट बघा.

दौलत : विरघळला.

आकांक्षा : ही रिकामी वाटी कठड्यावर. गच्चीला कुलूप, चावी माझ्या उशीखाली. सकाळी वाटी रिकामी दिसली तर मुकाट्याने गाडीत बसायचं.

दौलत : आणि नाही दिसली तर?

आकांक्षा : तर राहा इथे. मी एक शब्द बोलणार नाही.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. आकांक्षा गच्चीवरून खाली येते.)

दौलत : काय गो?

आकांक्षा : काही नाही. वाटी रिकामी. आवरा, निघू या.

दौलत : मग मूठ का आवळलीस?

आकांक्षा : (मूठ पाठीमागे नेत) चला ना, उशीर होतोय.

दौलत : उघड, बाय.

आकांक्षा : (मूठ उघडते) वाटीत हा युरिया होता. कोरडा आहे, बाबा. मातीचा कणसुद्धा नाही त्यात.

दौलत : बस आधी. पाणी पी.

आकांक्षा : राहा तुम्ही इथेच. पण मला परत वर पाठवू नका.

दौलत : नाही पाठवत. जाताना तेवढं दादरला नर्सरीत विचार, शेणखत देतात का. माझी पावडर ती घ्यायची नाही.