कमरेचा दोर

सोलापूरच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर आत्या-भाची करकंबच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या.

"आत्ती, हे बघ कार्ड! मालवणला स्कूबाचा कोर्स पास झाले. आता समुद्राच्या तळाला जाता येतंय मला."

"आन् पाण्यात श्वास कसा घेतीस गं?"

"पाठीला हवेची टाकी असते की. विहिरीत पोहायला सोडताना तू माझ्या पाठीला डबा बांधायचीस, तशीच."

"डबा तरंगवायचा. ही टाकी तर बुडवती!"

"परीक्षेत पाण्याखाली चष्मा काढायला लावतात. डोळ्यात खारं पाणी गेलं, काहीच दिसेना. दोघंजण घाबरून वर पळाले."

"आन् तू?"

"माझा हात आपसूक कमरेला गेला. तू काठावरनं दोर धरायचीस ना, तो चाचपायला. दोर नव्हता, पण भीती गेली. तू शिकवलंस म्हणून जमलं, आत्ती."

"मी काय शिकवणार? मला तरी कुटं येतंय पवायला?"

"काय सांगतीस! आन् मी बुडाले असते तर?"

"म्हणून तर दोराचं दुसरं टोक माझ्या कमरेला बांधलं व्हतं की."