पंगत उठेपर्यंत

भागीरथा : मंग बेबीले काय सांगू मी? थे तिकडं अकोल्यात फोन धरून बसली हाय. नव्या घराच्या घरभरनीले बापच येत नाही म्हनू?

देवमन : सांग, ऊन लय हाय. सांग, बाबाची शुगर वाढली.

भागीरथा : शुगर! काल त्या नत्थुजीसंग गोड चहा ढोसला तवा नाही वाढली. लेकीच्या घरी जाचं म्हनलं का वाढली?

देवमन : चहाचं तुले कोन सांगतलं?

प्राजक्ता : मी सांगितलं, बाबा. क्लासला शिकवायला जाताना बगिच्यासमोरूनच जाते ना मी. तुम्ही नत्थुकाकांसोबत बाकावर बसले होते, अन् ऑटोवाला बाजूला थांबला होता. तुम्ही फिरायला ऑटोनं जाता?

देवमन : जातो ऑटोनं. येतो ऑटोनं. मंधात फिरतो.

भागीरथा : बाकावर?

देवमन : हासू नोको व. बिनाकामाचं चालनं मले जमत नाही. गावात होतो तवा वावरात चालत जाओ. पऱ्हाटी पाहाले, बैल सोडाले, मोटर बंद कराले. अठी अमरावतीत रिकाम्या हातानं रस्त्यानं चाललो का समोरून कोनी ना कोनी इचारतेच, "कुठी चालले, काका?" काय सांगू त्याले? कुठीच नाही म्हनू? लोक म्हनतीन, या बुढ्याचं डोकं फिरलं.

प्राजक्ता : अहो बाबा, शहरात सगळेच असे फिरतात.

देवमन : फिरू दे न त्यायले. मले लाज वाटते.

भागीरथा : गोष्ट फिरवू नोका. ऊन नाही अन् शुगर बी नाही. त्या धामनगावच्या लग्नापासून तुमी कोनाच्याच घरी गेले नाही. बारशाले नाही, तेरवीले नाही. मले समजत नाही काय?

देवमन : समजते त मंग इचारते कावून?

प्राजक्ता : धामणगावला काय झालं होतं? मी अन् श्याम तर आलोच नव्हतो तेव्हा.

भागीरथा : सांगा न सुनेले.

देवमन : तूच सांग. साऱ्यायनं पाह्यलं, तू बी पाह्यलं.

भागीरथा : अवं, भावकीची पंगत बसली. खाली, पट्टीवर. यायच्याएवढं मोठं त्या पंगतीत कोनीच नव्हतं. अन् आपल्यात मोठा मानूस उठल्याबिगर पंगत उठत नाही, तुले मालूमच हाय. जेवनं झाले. सारे हात वाळवत बसले. अन् यायले उठताच येईना.

देवमन : एकडाव जोर लावला. मंग अजून लावला. पाय जसे माये नाहीच. सारी पंगत माह्या तोंडाकडं पाहून राहिली. शेवटी दोन वाढप्यायनं काखेत हात घालून उचललं मले, पोतं उचलते तसं. अन् मांगून कोनीतरी बोंबललं, "बुढ्याले खुर्ची आना रे!" प्राजक्ता, तुरीचं भरलं पोतं एकट्यानं बैलबंडीवर टाके मी. त्या मानसाले खुर्ची!

प्राजक्ता : बाबा... तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?

देवमन : काय सांगू? सांगाची गोष्ट हाय काय थे?

प्राजक्ता : मी बेबीताईंशी बोलते. तुमच्यापुरतं टेबल मांडायला सांगते.

देवमन : नोको! लेकीच्या घरची पह्यली पंगत. तिचे सासरे असते त त्यायनं मान घेतला असता. थे गेले, आता तठी मोठा मीच. अन् साऱ्यायच्या वरतं एकटा मी टेबलावर बसू? त्यापरीस येतच नाही.

भागीरथा : अन् बेबी फोनवर काय म्हनते? "बाबा नाही आले त पंगतीले मोठं कोन बसवू, आई?" रडून राहिली थे. तिले वाटते, बाप कशानं तरी रुसला.

देवमन : रुसलो नाही म्हना. मले भेव लागते म्हना. नाही, असं नोका म्हनू.

प्राजक्ता : बाबा, एक विचारू? इथं राहायला आल्यापासून तुम्ही खाली जमिनीवर कधी बसले?

देवमन : कायले बसू? जेवाले टेबल हाय, बसाले दिवान हाय, संडास बी खुर्चीचाच हाय.

प्राजक्ता : आई बघा, दिवसभर खाली बसतात अन् उठतात. भाजी निवडायला, देवापाशी, कपडे धुवायला. त्यांना तर काहीच होत नाही.

भागीरथा : मायी गोष्ट येगळी. मी बाईमानूस.

प्राजक्ता : गुडघ्याला काय कळतं, आई, बाईचा आहे का माणसाचा? मी सकाळपासून पाहून राहिली. बाबा म्हणाले पाणी, तुम्ही उठल्या. म्हणाले चष्मा, तुम्ही उठल्या. पंख्याचं बटण तर त्यांच्या हातापाशी होतं. तेही तुम्हीच दाबलं.

भागीरथा : मंग काय त्यायनं उठाव? घरात बायको असून? नवऱ्याले सोताचं ताट उचलू देऊ नोको, असं शिकवलं मले माह्या सासूनं.

प्राजक्ता : गावात ते चालून गेलं, आई. बाबा दिवसभर वावरात राबून येत होते, घरी आल्यावर तुम्ही तांब्या पुढं केला. आता वावर सुटलं. तांब्या काही सुटला नाही.

भागीरथा : म्हनजे यायचे पाय मी घालवले?

प्राजक्ता : तसं नाही म्हणत हो मी.

भागीरथा : म्हन न. खरं हाय थे. वावर ठेक्यानं देलं अन् अठी आलो, तवा मले वाटलं, लय केलं या मानसानं, आता बसू द्या. बसवता बसवता असं बसवलं का उठताच येत नाही.

देवमन : रडू नोको व. तुया एकटीचं नाही थे. मले बी गोड लागे. हाक मारली का हातात भेटे, राजावानी वाटे.

प्राजक्ता : घरभरणीला अजून वेळ आहे ना? डॉक्टरांना विचारते मी, पण सावकाश करायला कोणी नाही म्हणणार नाही. आजपासून दोन्ही वेळ खाली बसून जेवायचं. मी पण बसते, श्यामला पण बसवते. अन् रोजची भाजी बाबा आणतील. पायी.

देवमन : पिशवी देसान हातात?

प्राजक्ता : देते ना.

देवमन : मंग जातो. पिशवी असली का सांगता येते, भाजी आनाले चाललो.

भागीरथा : किडके वांगे आनसान त वापस पाठवीन.

देवमन : पाठव. तेवढंच अजून चालनं होईन.

भागीरथा : उभे कावून मंग? बसा न. मांडते ताट खाली.

देवमन : आत्ताच?

भागीरथा : मंग कधी? घरभरनीच्या दिवशी शिकसान काय?

प्राजक्ता : दिवाणाला धरून बसा, बाबा. हळू. हं... बसले. आता ताट यायच्या आधी एकदा उठून बघा.

भागीरथा : धरा माया हात.

प्राजक्ता : आई, हात नका देऊ.

भागीरथा : पडतीन न थे!

प्राजक्ता : मी आहे मागं. बाबा, एका गुडघ्यावर या. हात दिवाणावर टेकवा. दुसरा पाय पुढं घ्या. जोर लावा.

देवमन : नाही होत बा.

प्राजक्ता : थोडं झालं. अजून एकदा.

भागीरथा : घाम फुटला त्यायले! सरक तू, मी देते हात.

देवमन : भागीरथा, तू आत जाय.

भागीरथा : मी काय केलं?

देवमन : काही नाही केलं. तू समोर असली का माया हात तुयाकडंच जाते. जाय, पोया लाट.

भागीरथा : जाते. पन माया कान अठीच राहीन, सांगून ठेवते.

(काही आठवड्यांनी. अकोल्यात, बेबीच्या नव्या घरी. पंगतीची जेवणं आटोपली आहेत.)

भागीरथा : प्राजक्ता, झालं वं जेवन यायचं. सारे हात वाळवत बसले. यायच्याकडंच पाहून राहिले.

प्राजक्ता : आई, तुम्ही इथंच थांबा, दाराआड. तुम्ही दिसल्या की गडबडतील ते.

भागीरथा : तठी टेकाले काहीच नाही. दिवान नाही, भीत बी दूर हाय.

प्राजक्ता : घरी दिवाणाला न धरताही उठत होते की.

भागीरथा : कधी उठे, कधी नाही. परवा नव्हतं जमलं. मीच पाह्यलं पडद्याआडून.

प्राजक्ता : एक पाय घेतला बघा पुढं.

भागीरथा : बसले! परत बसले वं बाई! अन् जावई खुर्ची घेऊन निंगाले. मी जाते.

प्राजक्ता : थांबा ना, आई. बाबांनी मान हलवून नको म्हटलं त्यांना. शेजारच्यांशी हसून बोलून राहिले. दम घेतात जरा.

भागीरथा : थे हासनं मले मालूम हाय. भेव लागलं का असेच हासते. आता मले नाही पाहावत. तूच सांग काय होते थे.

प्राजक्ता : गुडघा टेकला. एक हात जमिनीवर, एक मांडीवर. घाई नाही करत. आई... उभे राहिले.

देवमन : उठा बाप्पा आता सारे. हात धुवा. बेबी, सुखी राहाय लेकरा, मस्त झाली पंगत.

प्राजक्ता : ऐकलं ना, आई? झालं. या आता बाहेर. अन् हे हात असे आवळून काय धरले पदरात?

भागीरथा : धरले नसते त यायच्याकडं धावले असते. चोळून दे जरा, लय दुखून राहिले.