ओट्यावरचा दुसरा ओरखडा

थांबा, थांबा, दत्तूभाऊ, ती मोजपट्टी ओट्याला लावू नका – ग्रॅनाइट नकोय आम्हाला! हो, माहितेय मला, प्रकाशनेच पुण्याहून फोन करून तुम्हाला पाठवलंय, ‘आईच्या ओट्याचा सनमायका सारखा ओरखडतो, काढा आणि दगड बसवा’ – मुलगा गुणी आहे हो माझा, पण त्याला काय ठाऊक! चहा घ्या. नागपूरचे ना तुम्ही? म्हणून तर एवढं बोलतेय, इथे हिंदी मुलखात, साकेत नगरात दगडवाला मराठी निघेल असं वाटलं नव्हतं. पण पटापट प्या, हे वाचनालयातून यायच्या आत तुम्ही गेलेलं बरं.

हसू नका – म्हणजे हसा, मलाही सकाळपासून आवरत नाहीये! आमचे हे छत्तीस वर्षं कारखान्यात तपासणीला. दुसऱ्याच्या कामातले दोष शोधायचे, खडूने गोल करायचे, माल परत पाठवायचा – हेच आयुष्य. मार्चमध्ये रिटायर झाले, टाउनशिपचं क्वार्टर सोडून या फ्लॅटमध्ये आलो, आणि हे गप्प. किती गप्प? अहो, आमटीत मीठ नव्हतं तरी बोलले नाहीत! मी घाबरलेच. भोंगा नाही, पाळी नाही, नुसते खिडकीशी बसून. मग एक दिवस माझ्या हातून कुकर घसरला, नव्याकोऱ्या ओट्यावर बोटभर ओरखडा. म्हटलं, आता बोलणी खायची – तर हे उठले! चष्मा पुसला, टॉर्च आणला, ओणवे होऊन म्हणाले, ‘इंदुमती, खोली पाव मिलिमीटर.’ तीन आठवड्यांतलं पहिलं सबंध वाक्य! मला रडूच आलं.

मग काय विचारता! ओटा साबणाने धुतला, वाळवला, ओरखड्याच्या दोन्ही कडांना चिकटपट्टी, बशीत दोन ट्यूबांतली पेस्ट – एक तपकिरी, एक बदामी – काडीने कालवली, रंग जुळेना म्हणून चारदा कालवली, जुन्या कार्डाने दाबून भरली, वरची पुसून काढली, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही. मी आपलं म्हटलं, थोडं खोबरेल चोळा की, दिसत नाही. केवढे भडकले! ‘ही लपवाछपवी झाली, दुरुस्ती नव्हे!’ आणि त्यांच्यात नियम – आपलं काम आपण पास करायचं नाही. घरात दुसरं आहे कोण? वहीत लिहिलं, निरीक्षक : इंदुमती. मी डोळे मिटून बोट फिरवलं, कुठेच लागलं नाही. म्हटलं, पास! तर हे लाजले हो. पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मी यांना पास केलं!

पण तो ओरखडा भरला, आणि पुन्हा आपली खिडकी. मग मी – कुणाला सांगू नका हं, तुम्हाला चहाची शपथ – मी उलथन्याचं टोक घेतलं आणि कर्र! हो, मीच! दर आठवड्याला एक! देवासमोर कान पकडते आणि येऊन पुन्हा ओढते. आता तर गाणं गुणगुणत पेस्ट कालवतात. तुमच्या दगडावर उलथनं चालेल का? नाही ना? मग! दगड बसला की माझा माणूस परत खिडकीशी गेला, समजलं तुम्हाला?

काय म्हणालात? दोन? नाही हो, आजचा एकच आहे, गॅसजवळ. सकाळी ते अंघोळीला गेले तेव्हा – नळाच्या बाजूला? छे, तिथे मी नाही – बघू. अगंबाई. ताजाच दिसतोय. आणि किती सरळ, पट्टी धरून ओढल्यासारखा. माझे तर सगळे नागमोडी येतात, घाईघाईत ओढते ना. पट्टी धरून ओरखडा काढणारं या घरात –

...

म्हणजे यांना ठाऊक आहे? कधीपासून हो? आणि तरी दर वेळी टॉर्च घेऊन – मी शेजारी उभं राहावं म्हणून? मी पास म्हणावं म्हणून? या वयात!

नाही, नाही, रडत कुठे, हसतेय मी. लिफ्ट वाजली, उठा आता, कप राहू द्या तिथेच. जिन्याने उतरा, दत्तूभाऊ, आणि प्रकाशला काहीही सांगू नका. जा ना लवकर – नळाजवळचा मला अजून सापडायचाय!