चातुर्मासात सोडलेलं वाक्य

जरा पुढे सरका हो मायबाई. माझा आवाज लहान, आणि मंडप केवढा मोठा बांधलाय तुम्ही! हां... आता कसं, तोंडं दिसली सगळ्यांची.

मंडळी, एक विचारते. चातुर्मास चाललाय. कुणी काय सोडलंय? वांगं? बरं. कांदा-लसूण? छान! आणि ते खांबाला टेकलेले काका — तुम्ही काय सोडलंत? काहीच नाही? वा, निदान देवळात खरं तरी बोललात!

पण मला सांगा — वांगं सोडणं काय अवघड आहे हो? ते काही रडत मागे येत नाही. कुणी देवासमोर उभं राहून एखादं वाक्य सोडलेलं ऐकलंय? जिभेवर बसलेलं, आईच्या तोंडून आपल्या तोंडात आलेलं, झोपेतसुद्धा निघेल असं वाक्य? ते सुटतं का? आणि सुटलंच, तर काय होतं?

त्याची गोष्ट सांगते. पुराणातली नाही. माझ्या सासरची आहे.

गाव पिंपळोशी. नदीकाठचं, दोन आळ्यांचं — वरची आळी, खालची आळी. मधे रामाचं देऊळ. तीस वर्षं होत आली, पण डोळे मिटले की अजून तो गाभारा दिसतो. तगरीची फुलं, खोबरेल तेलाच्या समईचा वास, आणि गुरुवारी दुपारी आम्हा बायकांचं भजन. पेटीचे दोन सूर मुके होते. ते आले की आम्ही टाळ जोरात वाजवायचो! मी तेव्हा नवी सून. डोक्यावरचा पदर आणि हातातला टाळ एकदम सांभाळता यायचा नाही मला.

भजनाच्या पुढे असायची सगुणाक्का. खालच्या आळीतली, आमच्याच शेजारची. बोलायची इतकं हळू, की भांडायला आलेली बाईसुद्धा आधी म्हणायची, "काय म्हणालीस गं?"

आणि गावात एक विहीर होती. कठडा पडलेला. दहा वर्षं पडलेला! काठावर शेवाळ, वर ओला दोर, हातात भरला हंडा. सगुणाक्काची धाकटी जाऊ तिथूनच घसरली. दोराला धरून राहिली म्हणून वाचली, पण पाय कायमचा अधू झाला. पंचायतीला किती वेळा सांगितलं! पंचायत म्हणायची — बघू. कसं बघणार हो? पंचायतीतला एकही माणूस कधी पाणी शेंदायला गेला नव्हता. गावात पुरुषानं हंडा उचलायची पद्धतच नव्हती.

त्या वर्षी कळलं की पंचायतीत बायकांसाठी जागा राखीव झाल्या. खालच्या आळीची जागा बाईची! आषाढातल्या एका गुरुवारी सगुणाक्का टाळ खाली ठेवून म्हणाली, "मी उभी राहू का गं? कठडा तरी बांधून घेऊ. कोण कोण येईल माझ्यासोबत?"

मंडळी, आक्का धरून सतरा बायका होतो आम्ही. आणि उत्तर काय?

"यांना विचारून सांगते हं आक्का."

"मीही यांना विचारून सांगते."

"आमचे गावाला गेलेत. आले की विचारून सांगते!"

सोळा तोंडं, एकच वाक्य. टाळ इतके कधी एका तालात वाजले नव्हते!

सगुणाक्का रागावली नाही. हसली फक्त. मग आली एकादशी. आमच्याकडे रीत अशी, की रामासमोर एकेकीनं उभं राहून सांगायचं — चार महिने मी अमुक सोडते. कुणी वांगं, कुणी वाल, कुणी पायातली वहाण. सगुणाक्काची पाळी आली. हात जोडून म्हणाली,

"रामा, चार महिने मी 'यांना विचारून सांगते' हे वाक्य सोडते."

हशा पिकला! पण आमच्यात भामाकाकी म्हणून एक म्हातारी होती, वरच्या आळीची. तिने हसता हसताच रामाला हात जोडले. म्हणाली, "अगं, मला तर विचारायला धनी उरला नाही. वीस वर्षं झाली. तरी मी म्हणतेच आहे — पोराला विचारून सांगते! माझंही लिही रे रामा, मीही सोडलं!"

झालं. एकीमागून एक सतराही जणींनी सोडलं. नियम ठरला — वाक्य तोंडून निसटलं, की हातातलं काम टाकून देवळात यायचं, एकदा घंटा वाजवायची, आणि रामाची माफी मागायची.

काय सांगू मंडळी त्या श्रावणाची गंमत! कासार आला — "वहिनी, हिरव्या भरू का लाल?" — "यांना विचा..." — पळा देवळात! ठण्ण! बाळाला लस टोचायला नर्सबाई आली — ठण्ण! भाजीवाला, शिंपी, माहेरचा निरोप — ठण्ण, ठण्ण, ठण्ण! देवळाचे गुरव थोरात तात्या वैतागले. "अहो, आरतीला रामसुद्धा कंटाळून बघतोय! काय चालवलंय?" पुरुषांना वाटायचं, बायका फारच भक्तीला लागल्या!

भाद्रपदात घंटा कमी झाली. आश्विनात तर आठ-आठ दिवस वाजेना. तात्याच मग ओसरीवर बसून म्हणायचे, "चुकल्यासारखं वाटतंय खरं."

आता ऐका हं, गोष्ट इथे वळते.

गावचे जुने पुढारी आबासाहेब. त्यांनी त्याच जागेसाठी आपल्या मंडळींचं नाव उभं केलं होतं — सुलोचनावहिनींचं. फलकावर वहिनींचा फोटो एवढासा, बोराएवढा. आबासाहेबांचा मात्र भोपळ्याएवढा! आणि आमचे हे? हे आबासाहेबांच्या जीपवर ड्रायव्हर. आमची चूल त्या जीपवर चालायची.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस. तालुक्याला जायची एसटी बाराला. अर्जावर सूचक लागतो — म्हणजे 'या बाईचं नाव मी सुचवते' अशी सही. ती भामाकाकी करणार होती. अंगठ्याला शाई लावून तयार बसली होती म्हातारी! अर्ज भरून द्यायला बसलेल्या शाळेच्या मास्तरांनी मतदारयादी उघडली आणि कपाळाला हात लावला. "काकी, तुम्ही वरच्या आळीच्या. सूचक त्याच वॉर्डातला हवा."

कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं! खालच्या आळीच्या बाकी बायका भुईमुगाच्या काढणीला लांब गेलेल्या. घड्याळात साडेअकरा. सगुणाक्का माझ्या दारात आली. मी भाकरी थापत होते.

"सूनबाई, यादीत नाव आहे तुझं. सही देशील?"

मंडळी, अडीच महिने माझ्या तोंडून वाक्य निघालं नव्हतं. मला वाटत होतं, सुटलं! बांगड्यांचा रंग ठरवत होते ना मी! पण ही सही... ह्यांची नोकरी, सासूबाईंचं औषध, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि तोंडून गेलंच —

"आक्का, मी ह्यांना विचारून सांगते."

आक्काने मान हलवली. वळली. तिच्या पाठीवरचा पदर अजून दिसतो मला. आमच्या दारासमोरून तिची ती लंगडी जाऊ हंडा घेऊन चालली होती. एक पाय ओढत. विहिरीकडेच.

मी उठले. हाताला पीठ तसंच. धावले ती थेट देवळात. ठण्ण! तात्या दचकले — "अगं सूनबाई, आज काय?" मी म्हटलं, "तात्या, चुकले. आणि आता ती चूक निस्तरायला निघालेय." परत धावले. एसटी हॉर्न देत होती. आत बसलेल्या आक्काने खिडकीतून अर्ज बाहेर दिला आणि मी एसटीच्या पत्र्यावर कागद टेकवून सही केली. पिठाची बोटं उमटली त्यावर. नाव मात्र स्वच्छ आलं. माझं नाव. लग्नानंतर पहिल्यांदाच लिहीत होते.

घरी काय झालं असेल? ह्यांना वाटेतच कळलं होतं. ओरडले नाहीत. बोललेच नाहीत! आठ दिवस. ताट वाढायचं, ते जेवायचे, उठायचे. मी रोज तुळशीला पाणी घालताना म्हणायचे, "माउली, ह्यांना शिव्या देऊ दे, पण असं गप्प नको ठेवू."

नवव्या दिवशी मला ताप भरला. घरात पाण्याचा थेंब नाही. सासूबाईंना उठवत नव्हतं. हे उठले, हंडा घेतला, आणि गेले विहिरीवर! गावात पहिला पुरुष हो! बायकांनी तोंडाला पदर लावले.

अर्ध्या तासाने आले. हंडा अर्धा, कोपर खरचटलेलं, धोतर शेवाळाने हिरवं. माझ्या उशाशी बसले. मग म्हणाले,

"आक्काला सांग, कठडा छातीएवढा हवा. कमरेएवढ्यानं भागायचं नाही."

एवढंच! मी तापात रडले.

निवडणूक झाली. सगुणाक्का निवडून आली, अकरा मतांनी. आबासाहेबांनी ह्यांना जीपवरून काढलं — ते खोटं कशाला सांगू? वर्षभर हे दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवत होते. ओढाताण झाली. पण पुढच्या उन्हाळ्यात कठडा झाला. छातीएवढा!

आणि हो, निवडणुकीनंतर लगेच त्याच वर्षीची कार्तिकी एकादशी झाली, द्वादशीला उद्यापन. एकेक बाई येऊन सोडलेलं परत घेत होती. वांगं आलं, वाल आला, वहाणा आल्या. तेवढ्यात दाराशी सुलोचनावहिनी उभ्या! आबासाहेबांच्या. हरलेल्या. त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्यात अठरावी चालेल का गं? मला तर उभी राहतेस का, एवढंही कुणी विचारलं नव्हतं."

सगुणाक्काने सरकून जागा दिली. तात्या म्हणाले, "आक्का, चार महिने झाले. ते वाक्य आता परत घ्यायचं ना?"

आक्का म्हणाली — तशीच, हळू — "तात्या, काशीला सोडलेलं कुणी परत घेतं का? हे आम्ही काशीला सोडलंय असं समजा."

मंडळी, आक्का आज नाही. भामाकाकी नाही. पेटीचे सगळेच सूर मुके झाले असतील आता. पण कठडा आहे. माहेरवाशिणी अजून त्याला टेकून गप्पा मारतात, आणि का मारता येतात, ते त्यांना माहीत नाही. नसू दे.

तुमच्या गावातही निवडणूक आहे म्हणे. दोन बायका उभ्या आहेत असं ऐकलं. कुणाला मत द्यावं, ते मी सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा. पण भाऊ, तुम्ही — एकदा हंडा घेऊन विहिरीवर जाऊन या. आणि बायांनो, उद्या त्यांच्यातली एखादी तुमच्या दारात येईल. म्हणेल, "ताई, येशील का माझ्यासोबत?" तेव्हा तोंडून काय निघतं, ते जरा ऐका.

ते वाक्य निघालंच, तर घाबरू नका. माझ्याही निघालं होतं. घंटा ती बघा, तिथेच टांगलेली आहे. मी आठ दिवस मुक्कामाला आहे तुमच्या देवळात. कान उघडे ठेवून बसते.