आमच्या गावात पाणी किती अंशाला उकळतं

माझं माहेर हसनाबादचं, शेतकऱ्याचं घर, चार बहिणी अन् एक भाऊ, त्यात मी तिसरी, म्हंजे ना पहिली म्हणून कौतुक ना शेवटची म्हणून लाड. शाळेत जरा बरी व्हते म्हणून बापूंनी शिकू दिलं, बारावी झाली, मंग जुन्या जालन्यात मावशीकडं राहून बी.एस्सी. केलं. मावशीचं घर धान्याच्या दुकानांच्या गल्लीत, दिवसभर पोत्यांची चढ-उतार, ऑटोवाल्यांची कटकट, अन् मी वरच्या खोलीत कान झाकून केमिस्ट्री पाठ करून राह्यले. मला एम.एस्सी. करायचं व्हतं. बापू म्हणले आता बास, स्थळ चांगलंय, टेंभुर्णीला खत-बियाण्याचं दुकान हाय, नंतर शीक की. नंतर कोण शिकतं हो? नंतर डी.एड. केलं, कारण त्याला नोकरी व्हती, नोकरी लागली, अन् आज अठरा वर्षं झाली, तेच टेंभुर्णी, तीच काळी-पिवळी जीप, तेच गाव, तीच सहावी-सातवी. गावाचं नाव न्हाई सांगत, माणसं आपलीच हायेत.

तुम्ही म्हणलं, माझी पुतणी औंदा सहावीत गेली, घाबरली, विज्ञानाच्या तासाला काय काय असतं ते तिला सांगा. काय सांगू तुम्हाला! आमच्याकडं काय असतं ते सांगते, हसू नका. विज्ञानाच्या तासाला एक लोखंडी कपाट असतं. त्या कपाटाला कुलूप असतं. कुलपाची चावी माझ्या पर्समधे असते. आत परीक्षानळ्या, भिंग, लोहचुंबक, हाडाचा सापळा हाय पण त्याचा एक हात न्हाई, अन् हे सगळं का कुलपात, तर फुटू नये म्हणून. फुटलं तर रजिस्टरला कोणाचं नाव? माझं. म्हणून अठरा वर्षं काहीच फुटलं न्हाई. पोरायनं हातच लावला न्हाई तर फुटंल कसं?

अन् प्रयोग? प्रयोग वहीत असतो. फळ्यावर मी लिहिते, उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, पोरं उतरून घेतात, बाणाच्या आकृत्या काढतात. कधी घंटा जल्दी झाली की मी आधी निष्कर्षच सांगून टाकते, पेपरात तोच येतो, मंग राह्यलेली कृती पोरं घरी लिहितात. निष्कर्ष आधी अन् प्रयोग मागून, अन् तो बी न केलेला. हे मी एकटी करते असं न्हाई, सगळेच करतात, पण बी.एस्सी. झालेली बाई मी, मला तरी कळाय पाहिजे व्हतं का न्हाई?

आता शिवानीचं सांगते. मागल्या वर्षी सातवीला व्हती. दत्तूभाऊची पोरगी, तीन एकरवाला माणूस, सरळ, पण डोक्यात एक बसलं की बसलं. आमची शाळा सातवीपर्यंत. आठवीला टेंभुर्णीला जावं लागतं जीपनं, अन् तिथंच आमच्या गावातल्या पोरी गळतात. पोरं जातात, पोरी घरी बसतात. शिवानीनं माझ्या मागं लागून लागून मला तिच्या घरी नेल्तं, म्याडम तुम्ही सांगा माझ्या आण्णाला. मी सांगितलं. दत्तूभाऊ म्हणले, म्याडम, पोरगी हुशार हाय म्हन्ता, मंग दाखवा की काई. तालुक्याला ते विज्ञानाचं प्रदर्शन असतं न्हवं, त्यात नंबर काढला तर धाडतो आठवीला, जबान दिली. पोरगी तिथंच उड्या मारायला लागली. मी म्हणलं काढू की नंबर, त्यात काय.

बरं, ते शंभर अंशाचं कसं झालं ऐका. पाण्याचा उत्कलनांक शंभर अंश सेल्सिअस, हे मी अठरा वर्षं सांगितलं, झोपेत विचारलं तरी सांगीन. त्या दिवशी काय झालं, तपासणीचे साहेब येणार म्हणून निरोप आला, कृतियुक्त अध्यापन दाखवा. मी घाईघाईत कपाट उघडलं, तापमापी काढला, तर स्पिरिटच्या दिव्यात स्पिरिटच न्हाई. मंग काय, शाळेच्या खिचडीचा गॅस चालू व्हता, खिचडीवाल्या मावशीला म्हणलं एक शेगडी द्या, त्यावर भगुनं ठेवलं, अन् शिवानीला उभं केलं, तापमापी धर, बुडाला टेकू देऊ नको, वाच. साहेब आलेच न्हाई. मी बी विसरून दाखले लिहीत बसले. ही पोरगी पाणी आटेपर्यंत उभी. सगळ्यायच्या वहीत शंभर, हिच्या वहीत अठ्ठ्याण्णव.

मी लाल पेनानं काट मारली अन् शंभर लिहिलं. पोरगी वही घेऊन परत आली. म्याडम, पारा वर जातच न्हाई. मी म्हणलं, नीट पाह्यलं नसशील. म्याडम, लई येळ पाह्यलं. मी म्हणलं, जा बस, पुस्तकापेक्षा हुशार झाली का तू? असं म्हणाले मी, हाव, ह्या तोंडानं म्हणाले.

पण डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मीच ठेवलं भगुनं. पाणी खदखदून राह्यलं अन् पारा अठ्ठ्याण्णवच्या जरासा वर, तिथंच. पाणी बदललं, परत केलं. तिथंच. खिचडीवाली मावशी म्हणली, म्याडम, नुस्तं पानीच उकळता का रोज, चहा तरी टाका. अन् मंग माझ्या डोक्यात पडलं. हवेच्या दाबाचा धडा मीच शिकवते, उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, उदाहरण हिमालय. उंची म्हणलं की हिमालय! आपण बी समुद्राच्या लई वर राहतो, हा जालना, हे आपलं रान, सगळं पठारावरच हाय, हे कधी मनातच आलं न्हाई. पुस्तकात समुद्रसपाटीचं लिहिलेलं असतं, पण ते पेपरात विचारत न्हाईत, म्हणून आम्ही ते सोडूनच देतो.

मला इतका आनंद झाला, काय सांगू. बी.एस्सी.ला झाला न्हवता एवढा. सगळ्या वर्गासमोर शिवानीला म्हणलं, तुझं बराबर, माझी काट चूक. पोरगी लाजून बाकाखालीच गेली. अन् तिथंच ठरवलं, प्रदर्शनाला हाच प्रयोग. तिनं मोठ्या अक्षरात तक्ता केला, आमच्या गावात पाणी किती अंशाला उकळतं. महिनाभर रोज मोजलं, सकाळी, दुपारी, पावसाळी हवा असली तर तेव्हा बी, सगळं लिहिलं. जे दिसलं तेच.

प्रदर्शनाला हॉलभर टेबलं, कोणाचा ज्वालामुखी, कोणाचं ठिबक सिंचन, कोणाची बटण दाबलं की पेटणारी सूर्यमाला. आमचं आपलं भगुनं, शेगडी अन् तापमापी. दत्तूभाऊ स्वतः आल्ते, धुवट सदरा घालून, मागं भिंतीला टेकून उभे. परीक्षक आले, मोठ्या शाळेचे, केस पांढरे, मागं चार मास्तर. त्यायनी तक्ता वाचला अन् हसले. म्हणले, बाळा, पाणी किती अंशाला उकळतं? ही म्हणली, अठ्ठ्याण्णव. परत हसले. म्हणले, शंभर, हे तर सातवीच्या पोराला बी ठाऊक असतं. ती सांगायला लागली, सर, हवेचा दाब... तोवर ते माझ्याकडं वळले, मॅडम, तापमापी खराब दिसतो तुमचा?

आमचे हेडमास्तर माझ्या बाजूलाच, हळूच म्हणले, वाद नको. सगळे मास्तर माझ्याकडं बघून राह्यले. अन् मी म्हणले, हाव सर, खराब झालाय वाटतं.

का म्हणले? तुम्ही विचारा, मी रोज विचारते. भ्याले. इतक्या लोकात, एवढा मोठा माणूस, अन् मी खेड्यातली बाई. अन् आत एक असं बी व्हतं की, बाई, अठरा वर्षं तूच शंभर सांगितलंस, आता कोणत्या तोंडानं भांडशील. खरं कोणतं ते मला ठाऊक व्हतं, चांगलं ठाऊक व्हतं. पोरगी माझ्याकडं बघतच राह्यली. नंबर सूर्यमालेला गेला.

येताना जीपमधे दत्तूभाऊ म्हणले, जाऊ द्या म्याडम, वस्तूच खराब निघाली त्याला पोरगी तरी काय करंल. म्हंजे मला समजावून राह्यले ते, मला! अन् शिवानी खिडकीतून बाहेर बघत. तिनं काही म्हणजे काही सांगितलं न्हाई बापाला.

जूनमधे दाखला मीच टेंभुर्णीला नेऊन दिला, नाव घातलं आठवीत. नाव हाय तिथं. पोरगी न्हाई. दत्तूभाऊला दोनदा म्हणलं, तर ते म्हणले, म्याडम, जबान जबान असती, नंबर आला न्हाई. मी ज्या रस्त्यानं शाळेत जाते त्याच रस्त्यावर तिचं घर. अंगणात भांडे घासती, मला पाह्यलं की उभी राहती, म्याडम, या चहा प्यायला. जरा तरी राग दाखवला असता तर बरं झालं असतं.

मंग गंमत बघा. हेडमास्तर म्हणले, मॅडम, तापमापी खराब हाय ना, मंग निर्लेखनाच्या यादीत टाका. मोडीत काढायच्या यादीत टाकला, पण व्हता कपाटातच. खराब, असं माझ्याच हातानं लिहिलं, खाली माझीच सही. दसऱ्याच्या आधी नवीन साहित्य आलं, त्यात नवा तापमापी, पारा न्हाई त्यात, लाल रंगाचं काहीतरी. मी खोकं फोडलं अन् सरळ खिचडीच्या शेगडीवर गेले. अठ्ठ्याण्णव. मावशी म्हणली, म्याडम, रडून काऊन राह्यल्या?

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर दोन्ही तापमापी पर्समधे घालून दत्तूभाऊच्या घरी गेले. चुलीवर भगुनं ठेवा म्हणलं. शिवानीनं ठेवलं, एका हातात जुना धरला, एका हातात नवा, बुडाला न टेकवता, तिला सांगावं लागलं न्हाई. दत्तूभाऊला म्हणलं, वाचा. त्यायनी वाकून दोन्ही वाचले, आकडे येतात त्यायला. मी म्हणलं, भाऊ, वस्तू खराब न्हवती. पोरगी बराबर व्हती. मला तवाच ठाऊक व्हतं. मी खोटं बोलले.

दत्तूभाऊंनी दोन्ही तापमापी परत एकदा वाचले. मंग म्हणले, म्याडम, मंग तवा काऊन न्हाई बोलल्या?

आवाज चढवला न्हाई, काही न्हाई. शिवानीनंच जाळ मागं ओढला, भगुनं उतरवलं अन् त्याच पाण्यात चहापत्ती टाकली. चहा पिऊन उठताना दत्तूभाऊ म्हणले, बघू, कापूस येचनं होऊ द्या. तेवढंच.

औंदाच्या सातवीला मी कपाट उघडं ठेवते. दोन परीक्षानळ्या फुटल्या आतापर्यंत, फुटू द्या. पाणी पोरंच उकळतात, पोरंच वाचतात. पण घटक चाचणी आली की मला सांगावंच लागतं, बाळांनो, वहीत दिसंल ते लिहा, पेपरात शंभर लिहा, न्हाई तर मार्क जातील. एक बारकी पोरगी उठून म्हणली, मॅडम, मंग खरं कोणतं? मी म्हणलं, वहीतलं. म्हणली, मंग पेपरात खोटं लिहायचं? घंटा झाली म्हणून सुटले त्या दिवशी. पेपर माझ्या हातात न्हाई, पुस्तक माझ्या हातात न्हाई, बदली न्हाई, एम.एस्सी.चं वय गेलं. कोंडल्यावानी होतं हो कधी कधी, दार उघडं असून.

तुमच्या पुतणीला सांगा, घाबरू नको म्हणा, विज्ञानात घाबरण्यासारखं काई नसतं, जे दिसलं ते लिही. पोरीचं मला टेन्शन न्हाई, पोरी बराबरच लिहितात. तिला शिकवणारी जी कोणी मॅडम असंल, तिला देवानं चार माणसांत तोंड उघडायची हिंमत द्यावी, एवढंच मी मागते.

सकाळी माझी जीप गावात थांबते, मी उतरते, अन् तीच जीप वळून आठवीची पोरं घेऊन टेंभुर्णीला जाते. ती भरून निघेपर्यंत मी तिथंच उभी राहते, हेडमास्तर प्रार्थनेला उशीर होतो म्हणून ओरडतात, ओरडू द्या. काल शिवानी समोरूनच गेली, कमरेला कापसाची ओटी बांधलेली. मला म्हणली, म्याडम, जीप भरली का? मी म्हणलं, न्हाई गं, एक जागा हाय. हसली अन् रानाकडं गेली. कापसाचं रान आता दोन-चार दिवसांचंच येचायचं राह्यलंय. उद्या परत उभी राहते मी.