ओढ्यावरचा रस्ता आणि आक्कांचं नाव

आया-बहिणींनो, भावकीतल्या मंडळींनो, आणि वरच्या सोसायट्यांमधून एवढ्या पावसात खाली आलेल्या मित्रांनो,

बोलायला उभा राहिलोय खरा, पण जमेल असं वाटत नाही. कौसल्याआक्कांनी मला कधी सलग बोलूच दिलं नाही. नगरपंचायतीत त्या एका पॅनेलच्या, मी दुसऱ्याचा. मी तोंड उघडलं की म्हणायच्या, "बाळू, थोडक्यात सांग. मला भातलावणीला जायाचंय." आज कुणी अडवणार नाही. त्याचंच वाईट वाटतंय.

नवीन लोकांसाठी सांगतो. आक्कांचं घर खालच्या आळीत, अगदी ओढ्याच्या काठाला. वर माळावर पूर्वी नुसतं गवत होतं. पाणी तिथंच मुरायचं, उरलेलं सावकाश ओढ्यानं इंदुरीकडे, इंद्रायणीला जायचं. मग माळावर बिल्डिंगा उभ्या राहिल्या. सोमाटण्यापासून वराळ्यापर्यंत तेच चाललंय, मी कुणाला दोष देत नाही. लोकांना घरं हवीतच. पण छपराचं, पार्किंगचं, रस्त्याचं सगळं पाणी एकदम खाली यायला लागलं. एका श्रावणात ते आक्कांच्या स्वयंपाकघरात शिरलं. तांदळाची पोती भिजली. घरच्यांना वाटलं, आक्का आता रडतील. आक्का निवडणुकीला उभ्या राहिल्या.

निवडून आल्या आणि एकच ठराव लावून धरला. ज्याच्या जागेवर पाऊस पडेल, त्यानं तो आधी आपल्या जागेत मुरवायचा, साठवायचा. उरेल ते ओढ्यात सोडायचं. आणि ओढा उघडा ठेवायचा. पाइपात घालायचा नाही, स्लॅबखाली घालायचा नाही. मी विचारलं, "आक्का, उघडाच कशाला?" म्हणाल्या, "झाकलं की कुटं तुंबलं त्ये दिसत न्हाई. घरात आल्यावरच कळतं."

आणि त्यांची ती पाहणी! इथले किती जण भिजलेत त्या पाहणीत! बांधकामाचा नकाशा कोरड्यात मंजूर करायचा नाही, हा त्यांचा नेम. उन्हाळ्यात आलेला नकाशा पावसाची वाट बघत पडून राहायचा. बिल्डर वैतागायचे, आम्हीही वैतागायचो. धो-धो पाऊस लागला की फोन यायचा, "चला, जागा बघाया." त्या इरलं पांघरून पुढं, आम्ही उलट्या झालेल्या छत्र्या सावरत मागं. माळाच्या माथ्यावर मूठभर भाताचं तूस पाण्यावर सोडायच्या आणि ते जाईल तिकडं चालायच्या. तूस कुणाच्या दारात थांबलं की आक्का तिथं उभ्या. "हितं आडतंय पाणी. आता बोला."

सगळं त्यांचंच खरं व्हायचं असं नाही हं. आपल्या इंजिनिअर मॅडमनी पार्किंगखाली पावसाच्या पाण्याची टाकी सुचवली, तेव्हा आक्का म्हणाल्या, "डास पाळायचेत व्हय?" मॅडमनी त्यांना एक बांधलेली टाकी नेऊन दाखवली. पुढच्या सभेत आक्काच आम्हाला टाकी समजावून सांगत होत्या, जणू त्यांनीच ती शोधून काढली. मॅडम तेव्हा नुसत्या हसल्या. आज मागच्या रांगेत बसून रडतायत.

आता अवघड बोलायचंय.

माझ्याआधी नगराध्यक्ष दादा बोलले. मनापासून बोलले, माझेही डोळे भरून आले. शेवटी त्यांनी जाहीर केलं, की ओढ्यावर स्लॅब टाकून जो नवा रस्ता करायचं घाटतंय, त्याला कौसल्याआक्का मार्ग असं नाव देऊ. आपल्यात पद्धतच आहे तशी. माणूस गेलं की एखादा चौक, एखादी कमान, काहीतरी त्याच्या नावानं करायचं. प्रेमापोटीच करतो आपण. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आणि मग एकदम लक्षात आलं, अरे, आपण हे काय करतोय?

दादा, रागावू नका. ज्या बाईनं ओढा उघडा राहावा म्हणून इतकी वर्षं जिवाचं रान केलं, तिचंच नाव ओढा झाकणाऱ्या रस्त्याला? वर आक्कांची पाटी, आणि खाली तुंबलेलं पाणी पुन्हा आक्कांच्याच घरात? त्यांची सून, नातवंडं अजून तिथंच राहतात. सगळी खालची आळी तिथंच राहते.

रस्ता नको असं माझं म्हणणं नाही. वरच्या लोकांना स्टेशनला जायला वळसा पडतो, खरं आहे. रस्ता काठानं काढू. थोडा वळसा राहील, राहू दे. पण पुढच्या सभेत स्लॅबचा ठराव मांडू नका. विरोधी बाकावरचा आहे म्हणून बोलत नाही. आक्का माझ्या पॅनेलच्या कुठं होत्या? मला त्यांची फार आठवण येतेय दादा, एवढंच आहे.

दवाखान्यात भेटायला गेलो होतो. खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता. डोळे न उघडता म्हणाल्या, "बाळू, वढा कुठवर आलाय रं?" म्हटलं, "काठाच्या खालीच आहे आक्का. मोकळा वाहतोय." म्हणाल्या, "मग झोपते." आमचं शेवटचं बोलणं ते.

मंडळी, आता आक्कांसाठी स्तब्ध उभं राहायचं. पण इथं, या पत्र्याखाली नको. बाहेर, ओढ्यावरच्या साकवावर आणि काठानं उभं राहू. छत्र्या इथंच राहू द्या, आक्कांनी आपल्याला भिजायची सवय लावलीय. सूनबाईंनी घरून मूठभर तूस आणलंय. त्या ते पाण्यावर सोडतील. ते पलीकडच्या वळणाआड जाईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. ओढा अजून उघडा आहे, त्यामुळं ते आपल्याला वळणापर्यंत दिसेल.

दादा, तुम्ही पुढं व्हा.

आक्का, नमस्कार. निघालो आम्ही पाहणीला.